‘पस्तीसच्या कायद्याची नक्कल’? मग पंचायतीचं कलम आलं कुठून?

दर २६ नोव्हेंबरच्या आसपास एक मेसेज हमखास फिरतो: संविधान म्हणजे इंग्रजांच्या १९३५ च्या कायद्याची (गव्हर्नमेंट ऑफ इंडिया अ‍ॅक्टची) नक्कल, संविधान सभेतली चर्चा निव्वळ देखावा आणि बाबासाहेबांचं फक्त नाव.

आधी नकलेचं बघू. कारभाराचा बराच तपशील त्या कायद्यातून घेतलाय, हे खरंच. ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना बाबासाहेबांनीच ते सभागृहात सांगितलं, वर उसनवारीत लाजण्यासारखं काही नाही असंही सुनावलं. पण इंग्रजांच्या कायद्यात मताचा हक्क मालमत्ता, कर, शिक्षण असल्या अटींवर मिळे आणि मतदारसंघ धर्मावर विभागलेले होते. सरसकट प्रौढ मतदान, विभक्त मतदारसंघ बंद, अस्पृश्यता पाळणं गुन्हा... हे कुणाच्या वहीतून उतरवलं म्हणे?

चर्चा देखावा होती म्हणणाऱ्यांनी पंचायतीचं प्रकरण वाचावं. त्याच भाषणात बाबासाहेबांनी खेड्यांची सालटी काढली. खेडं म्हणजे कूपमंडूक वृत्ती आणि अज्ञान, असा त्यांचा रोख. मसुद्यात पंचायतींसाठी कलमच नव्हतं. दुसऱ्याच दिवशी सभेचे सदस्य ह. वि. कामत त्यांच्यावर तुटून पडले, इतरही बोलले. २२ नोव्हेंबरला दुसरे सदस्य के. संतानम यांनी पंचायतींची दुरुस्ती मांडली आणि बाबासाहेबांनी ती मान्य केली. अवघ्या अठरा दिवसांत! तेच आजचं कलम ४०. अर्थात पंचायतींचा आग्रह धरणाऱ्या गांधीवाद्यांनाही सगळं मिळालं नाही. कलम गेलं मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे त्यासाठी कोर्टात दाद मागता येत नाही. तडजोड म्हणतात ती हीच. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या आल्या, त्यांतल्या २,४७३ सभागृहात प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. देखाव्यासाठी एवढी उठाठेव कोण करतं?

राहिलं ‘फक्त नाव’. पहिला कच्चा मसुदा संविधान सभेचे सल्लागार बी. एन. राव यांचा होता, आणि त्याचं श्रेय २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी जाहीरपणे दिलंय. सभेचे सदस्य टी. टी. कृष्णम्माचारी मात्र वर्षभर आधीच सभागृहात सांगून गेले होते: मसुदा समितीतल्या सातांपैकी कुणी राजीनामा दिला, कुणी वारलं, कुणी अमेरिकेत, कुणी दिल्लीपासून लांब, भार शेवटी आंबेडकरांवरच पडला.

पस्तीसच्या कायद्यावरून संविधानाला बोल लावायचाच असेल, तर जागा आहे. प्रांताचा कारभार गव्हर्नरच्या हाती देणारं त्या कायद्याचं कलम ९३ वाचा आणि शेजारी राष्ट्रपती राजवटीचं ३५६ ठेवा. ते वापरायची वेळ येऊ नये, कागदावरच राहावं, अशी आशा बाबासाहेबांनी ४ ऑगस्ट १९४९ ला बोलून दाखवली होती. पुढे दिल्लीतल्या सरकारांनी ते किती सर्रास वापरलं, त्यावर मात्र मेसेजात चकार शब्द नाही.