बॉम्बशिवाय मेलेली माणसं, आणि त्यांची चित्रं

मन्याचं म्हणणं असं की युद्धाचे व्हिडिओ रोज फोनवर येतायत, गाझा असो नाहीतर युक्रेन, मग चित्रं, नाटकं, पोवाडे हवेत कशाला, त्यानं कुठलं युद्ध थांबलंय? यावरनं काल कट्ट्यावर अशी जुंपली की टपरी बंद झाली तरी कोणी उठेना.

सुजाता चित्रकला शिकवते, तिनं लगेच धरलं त्याला. "व्हिडिओत काय दिसतं रे? स्फोट, धूर, पडलेल्या बिल्डिंगा. १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसं दुसऱ्या महायुद्धामुळेच मेली, पण बॉम्बनं नाही, भुकेनं. ते कसं शूट करणार?"

"तो दुष्काळ होता, युद्ध नाही," मन्या म्हणाला.

इथे मला राहवलं नाही. दुष्काळ म्हटलं की आपल्याला ७२ चा आठवतो, पाऊस नाही, भेगाळलेली जमीन. बंगालचं तसं नव्हतं. मार्च १९४२ मध्ये जपाननं रंगून घेतलं आणि ब्रह्मदेशचा तांदूळ यायचा बंद झाला. जपानी आलेच तर त्यांना काही मिळू नये म्हणून इंग्रजांनी किनारपट्टीवरच्या दहापेक्षा जास्त माणसं बसतील अशा हजारो नावा काढून घेतल्या, म्हणजे मासेमारी बुडाली आणि धान्य हलवायलाही काही उरलं नाही. त्यात ऑक्टोबरमध्ये मेदिनीपूरला चक्रीवादळ, आणि लष्करी खर्चानं भाव असे भडकले की मजुराला तांदूळ समोर दिसत असून परवडेना. साधारण २० ते ३० लाख माणसं गेली आणि सरकारनं अधिकृत दुष्काळ जाहीरसुद्धा केला नाही!

"मग फोटो होते ना? कोलकात्याच्या 'स्टेट्समन' पेपरनं छापले होते की," मन्या म्हणाला. हे त्याचं अगदी बरोबर. ऑगस्ट १९४३ मध्ये कोलकात्याच्या रस्त्यांवरचे ते फोटो आले आणि त्यानंच बाहेरच्या जगाला कळलं. पण फुटपाथवर मरून पडलेला माणूस गावातनं तिथवर का आला, त्याची नाव कोणी नेली, जमीन कोणाच्या घशात गेली हे एका फोटोत मावत नाही, त्यासाठी कोणीतरी गावात जाऊन बसावं लागतं आणि सांगावं लागतं. चित्रकार चित्तप्रसाद भट्टाचार्य नोव्हेंबर १९४३ मध्ये मेदिनीपूरमध्ये हिंडला, माणसं समोर बसवून काळ्या शाईत चित्रं काढली, जोडीला त्यांची हकिकत लिहिली. 'हंग्री बेंगाल' नावाची पुस्तिका निघाली, आणि इंग्रजांनी तिच्या प्रती जप्त करून नष्ट केल्या. माझं म्हणणं एवढंच की सरकारला प्रेतांपेक्षा हकिकतीची भीती जास्त वाटली. (हा चित्तप्रसाद नंतर कितीतरी वर्षं आपल्या अंधेरीत राहिला, आपल्यातल्या किती जणांना माहितीये?)

तोवर गप्प बसलेले पाटीलकाका म्हणाले, "आणि आपले अण्णाभाऊ? त्यांचा 'बंगालची हाक' पोवाडा विसरलात होय रे?"

मन्या यालाच टपला होता. "काका, त्याच अण्णाभाऊंनी स्टालिनग्राडचा पोवाडा पण लिहिलाय. तो लढाईचाच गौरव ना? म्हणजे कला काय, युद्धाला पण वापरता येते!"

काका म्हणाले रशियातले ते लोक हिटलरच्या फौजेपासून आपलं शहर वाचवत होते, ते वेगळं. मला मात्र मन्याचा मुद्दा खरा वाटला आणि म्हणूनच बंगालचा पोवाडा मोठा वाटतो, कारण शाहीर तोच, युद्ध तेच, पण पोवाडा म्हणजे पराक्रम ही आपली पिढ्यान् पिढ्यांची सवय, त्या जागेवर ज्यानं तलवार कधी हातात धरली नाही अशा उपाशी माणसाला आणायचं, ते पण गिरणगावात, जिथे गिरण्या युद्धाच्या ऑर्डरींवर जोरात चालल्या होत्या. तेच युद्ध इथे गिरणी चालवतंय आणि तिकडे चूल विझवतंय, हे कामगाराला पोवाड्यातनं पोचवणं सोपं काम नाही.

"थांबलं का पण त्यानं?" मन्याचा हट्ट कायम.

"नाही थांबलं," सुजाता म्हणाली. "पण २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धामुळे काळ्या समुद्रातनं गहू निघेना, इजिप्त, लेबनॉनमध्ये भाकरीचे वांधे झाले, त्याचा एक तरी व्हिडिओ तुझ्या फोनवर आला का रे?"

मन्यानं खरंच फोन काढला, बराच वेळ शोधलं, मग म्हणाला यावर पथनाट्य बसवता येईल. सुजाता म्हणतेय चित्रंच हवीत आणि काकांना पोवाडाच पाहिजे, त्यावरनं परत सुरू झालंय.