‘सुटला बिचारा’ म्हणण्याआधी

“संस्थेत राहणारा गतिमंद मुलगा ऑपरेशननंतर गेला तर डॉक्टरांवर आगपाखड करू नका. अशा मुलांचं आयुष्य मुळातच कमी. गुंतागुंत होणारच. त्यांना दुखणंही कळत नाही. तो सुटला, घरचेही सुटले.” हा मजकूर या आठवड्यात मला चौघांनी पाठवला. चौघेही भली माणसं आहेत, म्हणूनच लिहितेय.

आयुष्य मुळातच कमी? डाऊन सिंड्रोम म्हणजे जन्मतःच एक गुणसूत्र जादा असणं. अमेरिकेत १९८३ च्या सुमारास अशा लोकांचं सरासरी आयुष्य २५ वर्षं होतं, आज ते ६० च्या घरात आहे. जादा गुणसूत्र तेव्हाही होतं, आजही आहे. बदललं ते एवढंच, की त्यांच्या हृदयाची ऑपरेशनं व्हायला लागली आणि त्यांना संस्थेत टाकून देणं कमी झालं.

‘गुंतागुंत होणारच’ म्हणणाऱ्यांनी इंग्लंडमधल्या सफोकचं हे प्रकरण वाचावं. डाऊन सिंड्रोम असलेला ३३ वर्षांचा तरुण, बद्धकोष्ठाचा त्रास लहानपणापासूनचा. खाण्यावर आणि शौचावर नीट लक्ष होतं तोवर त्याचं ठीक चाललं होतं. देखभालीची व्यवस्था बदलली आणि ते लक्ष सुटलं. २०१२ साली इप्सविचच्या रुग्णालयात भूल देऊन त्याच्या पोटातून सुमारे १० किलो मळ काढावा लागला. त्यानंतर उलटी श्वासमार्गात जाऊन तो गेला. १० किलो मळ एका रात्रीत साठत नाही. त्याचं फुगलेलं पोट रोज कोणाच्या तरी डोळ्यांसमोर होतं. २०१८ मध्ये कॉरोनरच्या, म्हणजे मृत्यूचं कारण तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या, चौकशीतही त्याच्या देखभालीतल्या गंभीर त्रुटी पुढे आल्या.

दुखणं कळत नाही, हे तर साफ खोटं. माझा धाकटा भाऊ बोलत नाही, पण दिवसभर गुणगुणतो. अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी तो गप्प झाला, शर्टाची कॉलर चावत पडून राहिला. सिस्टर म्हणाल्या, “किती शांत आहे!” आई म्हणाली, “तो शांत नाही, त्याला दुखतंय.” तिने हट्टाने डॉक्टरांना बोलावलं. टाके उघडून पाहिले तर आत पू झाला होता.

आई तिथे नसती तर?

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठाने बौद्धिक दिव्यांगांच्या २४७ मृत्यूंची छाननी करून २०१३ मध्ये अहवाल दिला. हे पुरुष इतरांपेक्षा सरासरी १३ वर्षं आणि स्त्रिया २० वर्षं आधी गेल्या होत्या. चांगले उपचार मिळते तर यातले कितीतरी मृत्यू टळले असते, असंही त्यात आहे.

आणि ‘घरचेही सुटले’? पाचव्या दिवशी भाऊ पुन्हा गुणगुणायला लागला, तेव्हा आई वॉर्डाबाहेर जिन्यात बसून रडली. तिला कशातून सुटायचं होतं, ते मजकूर लिहिणाऱ्याने सांगावं.