पाल्यास कॅम्पला पाठवताना पालकांनी घ्यावयाची काळजी

शाळेनं सूचनापत्रक दिलंय. काय द्यायचं, काय द्यायचं नाही, सगळं त्यात आहे. ते वाचू नका. वाचलंत तर ग्रुपवर विचारायला काय उरणार? पत्रकाचा फोटो काढून ग्रुपवरच टाका आणि खाली लिहा, "सर, काय काय द्यायचं?" बाकीचे पालक अंगठा दाखवायला बसलेलेच आहेत.

पाठीवरची सॅक सांगितली असेल तर चाकांची ट्रॉली बॅग द्या. भात काढलेल्या रानातल्या धसकटांवरून ती काय सुरेख पळते म्हणून सांगू!

बूट कोरे करकरीत हवेत. आदल्या रात्री महाद्वार रोडवर घेतलेले असले तर उत्तम. टाचेला फोड आले तर सर आहेतच.

गाडी पहाटे साडेपाचला सुटणार आहे ना? मग साडेपाचला पोराला हाक मारा. दसरा चौकात थंडीत कुडकुडत उभं राहायची आम्हाला हौस आहे.

उलटीची गोळी प्रवासाच्या अर्धा-पाऊण तास आधी द्यायची असते. ती विसरा. त्याऐवजी "वाटंत काय मिळंल का न मिळंल" म्हणून निघताना पोटभर मिसळ चारा, कट जादा. हळदी, भोगावतीपर्यंत पोरगं गाणी म्हणतं. राधानगरीच्या पुढं वळणं सुरू झाली की गप्प होतं. मग तोच कट खिडकीच्या काचेवर, पुढच्या सीटवर आणि माझ्या बाहीवर परत भेटतो. तर्री तशीच लाल असते.

पिशवीत तळाला बेसनाचे लाडू लपवा. मुंगळ्यांना तंबूचा पत्ता लागतोच.

आता फोन. दाजीपूरच्या रानात रेंज मिळेलच असं नाही, हे आम्ही मीटिंगमध्ये सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा रील बघत होता. १९५८ सालचं अभयारण्य आहे ते. त्याआधी शाहू महाराज तिथं शिकारीला जायचे, आणि २०१२ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं. तिथं पाहायला गवे आणि झाडं आहेत. टॉवर पाहायचे असतील तर राजारामपुरी बरी. तरीही तासातासाला फोन लावत राहा. लागला नाही की ग्रुपवर "कुणाचा फोन लागतोय का?" एवढंच टाका. पुढचं काम आपोआप होतं. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे निदान धरण भरल्यावर उघडतात, ग्रुपला तेवढीही अट नाही. आणि फोन लागलाच तर विचारायचं काय? "जेवलास का?" मग "काय जेवलास?" मग "सरांना दे." मग मला, "सर, त्याला वांगं चालत न्हाई, तेवढं बघा की." रात्री दहा वाजता, चुलीपाशी, एका हातात पळी धरून मी पन्नास पोरांतून वांगं न चालणारं एक कुठून वेचू? एक वडील तर स्वतःची गाडी काढून तांबड्या-पांढऱ्याचा डबा घेऊन थेट तळावर आले. त्यांच्या पोरानं डबा बघितला आणि लाजेनं तंबूत तोंड लपवलं. बाकीची पोरं पिठलं-भातावर तुटून पडली होती.

शेवटची सूचना वैद्यकीय फॉर्मची. "काही आजार आहे का?" या रकान्यात सुवाच्य अक्षरात "निरंक" लिहा. आमच्या या वेळच्या कॅम्पला एका घरानं असंच लिहिलं होतं.

रात्री शेकोटी पेटवली. थंडी होती, धूर खाली बसलेला. एक पोरगं गुडघ्यांवर हात टेकून पुढं वाकलेलं, मानेच्या शिरा ताणलेल्या, आणि श्वासाबरोबर छातीतून शिट्टी. पंप कुठाय विचारलं तर मान हलवली. मग तुटक तुटक म्हणालं, "सर, मला हे होतंय. आईनं सांगू नको म्हटलंय."

त्याला घेऊन आम्ही त्या अंधारात राधानगरीकडं निघालो. रस्त्यात गवा आडवा उभा असला तर हॉर्न वाजवत नाहीत, थांबतात. त्या रात्री तो नव्हता म्हणून थांबावं लागलं नाही. दवाखान्यात औषधाची वाफ दिली, पोरगं सावरलं. पहाटे आई-बाबा आले आणि पहिलं वाक्य काय, तर "सांगितलं असतं तर तुम्ही नेलं नसतं."

नेलं असतं हो! दम्याची पोरं कॅम्पला येतात, उड्या मारून परत जातात. त्याला धुरापासून लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसवला असता. पंप माझ्या खिशात असता. आणि पंप घरी का ठेवला? "सवय लागते म्हणून." कुठल्या डॉक्टरनं सांगितलं तुम्हाला हे? डॉक्टरनं नाही, शेजारच्या काकूंनी! पंपातलं औषध थोडंसं असतं आणि थेट फुप्फुसात जातं. सवय लपवायची लागलीय, ती तुम्हाला, आणि आता पोरालाही लावताय. वांगं चालत नाही हे दहा वेळा सांगता आणि श्वास अडकतो हे एकदाही सांगत नाही?

पुढचा फॉर्म येईल तेव्हा तो रकाना खरा भरा. दमा, फिट, गोळ्या, ॲलर्जी, अंथरूण ओलं होत असेल तर तेही. मी कुणाला सांगत नाही. आणि खरं लिहायचं नसेल तर पोराला रंकाळ्यावर न्या, भेळ खायला घाला आणि घरी आणा. माझ्या गाडीत बसवू नका.