ताट वाढलंय, हर हर महादेव बाकी आहे

सुईचं मला काही नाही. शेतात बाभळीचे काटे पायातून उपसत ज्याचं लहानपण गेलं, त्याला इन्सुलिनची ती बारीकशी सुई टोचल्याचं कळतसुद्धा नाही. बेंबीच्या कडेनं दोन बोटं जागा सोडायची, रोज जागा बदलायची, नाहीतर तिथं गाठ धरते आणि मग औषध नीट लागत नाही. हे सगळं दर्यापूरच्या डॉक्टरांनी पोटावर पेनानं खुणा करून शिकवलं आणि मीही चाळीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस, शिकलो.

चिठ्ठीवर लिहिलंय: सकाळी २० युनिट, संध्याकाळी १४, जेवणाआधी अर्धा तास. २० कळलं, १४ कळलं. पण 'जेवणाआधी अर्धा तास' हे ज्यानं कुणी ठरवलं, त्यानं आमच्याकडचं जेवण पाहिलेलं नाही.

आमच्या घरी 'झालं, या आता' याचा अर्थ वांगी चिरायला घेतली असा होतो. 'या हो, थंडं होते' म्हटलं तर फोडणी पडलेली असते. आणि माझी बाटली आहे ३०-७० ची. त्यातलं ३० टक्के औषध लवकर काम करणारं आणि ७० टक्के सावकाश चालणारं. ती आधी दोन्ही तळहातांत अलगद फिरवायची, ताकासारखी घुसळायची नाही. तर हे जे तीस टक्के आहे, ते अर्ध्या तासानं कामाला लागतं. तुमची भाकर तव्यावर आहे की परातीत, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. कुणी बसा म्हणो, न म्हणो, ते रक्तातली साखर उचलायला सुरुवात करतं.

गावाला मात्र यातलं काही महत्त्वाचं वाटत नाही. गावाचं म्हणणं एकच, 'गुरुजीले सुई लागली.' हे ज्या आवाजात म्हणतात त्या आवाजात आमच्याकडे फक्त तिरडीचे बांबू मागवतात. सकाळी पारावरून जाताना कुणी जांभळाच्या बियांची पूड देतो, कुणी कारल्याचा रस. एका म्हाताऱ्यानं तर हात धरून सांगितलं, "गोळ्या कायले सोडल्या? सुई म्हंजे शेवटची पायरी न बाप्पा!" मी म्हटलं, काका, गोळ्या सोडल्या नाहीत, गोळ्या पुरेनाशा झाल्या. शरीरातला इन्सुलिनचा झराच वर्षावर्षानं आटत जातो, मग बाहेरून द्यावं लागतं. आता झरा म्हटल्यावर त्यांना खारपाणपट्ट्यातली आपली विहीर आठवली आणि पुढचा अर्धा तास विहिरीवर गेला.

दुसऱ्या दिवशी मी तयारीनिशी गेलो. सांगितलं की जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातल्या टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या पोराला पहिल्यांदा हे इंजेक्शन दिलं. पोरगं मरायला टेकलं होतं. पहिली सुई धड लागली नाही, औषध आणखी शुद्ध करून पुन्हा दिलं, आणि तो पुढे १३ वर्षं जगला. ज्यांनी शोधलं त्यांनी पेटंट विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलं. पारावर थोडा वेळ शांतता. मग काका म्हणाले, "पन त्याच्या गावात अखाजीले आंब्याची रसाळी करत होते का?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बाटली जपायची ही आणखी वेगळी खटपट. २ ते ८ अंशांत ठेवायची. वापरात काढलेली महिनाभर बाहेर राहते, पण कंपनीचं 'बाहेर' म्हणजे २५-३० अंश. आमचं बाहेर मे महिन्यात ४५. फ्रिज आहे, पण फ्रिजला लाइन लागते आणि लाइनीला वाटेल तेव्हा जायची मुभा आहे. म्हणून मडक्यात मडकं ठेवून मध्ये ओली रेती भरलीय, आतल्या मडक्यात डबी. त्यावर भरवसा बसला होता, तेवढ्यात उन्हाळ्यात साळा मुक्कामी आला आणि जिजाजीचं औषध बरं राहावं म्हणून त्यानं फ्रिजमधली नवी बाटली मायेनं बर्फाच्या कप्प्यात सरकवली. गोठलेलं इन्सुलिन फेकावंच लागतं. साळ्याला वाटलं मी पैशासाठी चिडलो.

पण खरी परीक्षा लग्नाची.

आता उन्हामुळं लग्नं संध्याकाळी लागतात. पत्रिकेत गोरज मुहूर्त ६ वाजून ४० मिनिटं. वरात ६:४० ला मारोतीच्या देवळाशी असते आणि तिथं नवरदेवाच्या मित्रांना जमिनीवर लोळून नाचायचं असतं. अशा वेळी अर्धा तास मोजायचा कुठून? डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, "जेवणाचा भरवसा नसेल तर ताट समोर आल्यावरच घ्या. अर्धा तास हुकला तरी चालेल, साखर उतरायला नको." त्यामुळं मी लग्नात मांडवात बसत नाही, भट्टीपाशी बसतो. आचाऱ्याच्या गंजातला भात, वांग्याच्या भाजीवरची तर्री, पोळ्यांची चळत, यावर नजर. नवरीकडच्यांना वाटतं गुरुजी व्यवस्था पाहून राह्यले.

अशाच एका लग्नात मांडवामागं कुटाराची, म्हणजे गुरांच्या चाऱ्याची खोली होती. मंगलाष्टकं आटोपली तसा तिकडे गेलो, तर आत आधीच तिघं सदरे वर करून उभे. एक सरपंचाचे भाऊ, एक माझा जुना विद्यार्थी, एक नवरदेवाचे मामा. सगळे माझ्याच जातकुळीतले. मामा पिशवी चाचपत म्हणाले, "गुरुजी, सुई घरी राह्यली, तुमची द्या न." ज्या गावात तंबाखूची पुडी आठ जणांत फिरते तिथं सुई नाही म्हणणं म्हणजे सोयरीक तोडणं. तरी नाही म्हटलं. एकाची सुई दुसऱ्याला लावायची नाहीच. मग विद्यार्थ्यानं पाकीटबंद कोरी सुई काढली, तर तिचं टोपण नारिंगी. मामांची बाटली ४० ची, म्हणजे एका मिलीत ४० युनिट, आणि ही पिचकारी मिलीला १०० वाल्या औषधाची. तिच्यावरच्या आकड्यानं भरलं असतं तर अर्ध्याहून कमी औषध गेलं असतं, आणि उलटं झालं तर अडीचपट. ४० ची पिचकारी लाल टोपणाची, ती शोधायला माणूस धाडला. तेवढ्यात नवरीचा काका दारात डोकावला, चार मोठी माणसं, बाटली, अंधार पाहिला आणि "चालू द्या, चालू द्या" म्हणून दार लोटून गेला. सकाळपर्यंत माझ्याबद्दल गावात काय पसरलं असेल ते मी विचारलं नाही.

मी मात्र तिथं टोचून घेतलं नाही. नियम म्हणजे नियम. पंगतीत बसलो, पत्रावळ आली, मीठ आलं, वांगं आलं, पोळी आली, वरण-भात आला, बुंदी आली. ताट भरलेलं, डोळ्यांसमोर. तेव्हा कुठं सदऱ्याआडून १४ युनिट घेतले. आणि जवाई रुसले.

थोरले जवाई. टोपी-रुमाल देऊन मान करतात, त्यात त्यांचं नाव माइकवरून घ्यायचं राहिलं. आता ते उठून मोटारसायकलवर जाऊन बसले, आणि ते पाटावर आल्याशिवाय 'पार्वतीपते' कोण म्हणणार? हर हर महादेव झाल्याशिवाय घास उचलायचा नाही. दोनशे माणसं भरल्या पानापुढं हात बांधून. माझी मात्र आतून घड्याळं सुरू झाली. अर्धा तास झाला, वर दहा मिनिटं. कपाळाला घाम, बोटं थरथरायला लागली, समोरच्या माणसाला दोन डोकी. ही लक्षणं मला पाठ आहेत. अशा वेळी १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन चमचे ग्लुकोज, तोंडात टाकायचं आणि १५ मिनिटांनी पाहायचं. खिशातली पुडी काढली, फोडली.

शेजारच्यानं मनगट धरलं.

"गुरुजी! साखर?" आवाज असा की माइकची गरज नव्हती. "वयनी, अवो वयनी! पाहा, गुरुजी साखर खाऊन राह्यले!" अख्खी पंगत वळली. ज्यांनी मला मघाशी स्वतःच्या हातानं बुंदी वाढली होती तेही मान हलवायला लागले. मी सांगतोय की उतरली, उतरली; लोकांना वाटतंय चढली. बायको बायकांच्या पंगतीतून उठली, आली, शेजाऱ्याचा हात झटकला आणि पुडी माझ्या तोंडात ओतली. वर पाणी. मग ताटातली बुंदीही खा म्हणाली. हर हर महादेव तिनंच म्हटलं. दोनशे लोकांनी मागे 'महादेव' म्हटलं आणि जेवायला लागले. जवाई पळत आले.

जेवणं झाल्यावर हात धुवायला गेलो तर आचारी माझी वाट पाहत उभा. त्यानं इकडेतिकडे पाहिलं.

"गुरुजी, मलेबी डॉक्टरनं सुई सांगतली. दुखत तं नाही न?"

म्हटलं, अजिबात नाही.

"ते जाऊ द्या. पाकाची तार मी बोटानं पाह्यतो. पन गोडी? गोडी कोन चाखून पाह्यन?"