बारा तास कशाचे?

कारखान्यातल्या कामाची रोजची मर्यादा ९ तासांवरून १२ वर न्यायचं महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये ठरवलं. त्याबरोबर विश्रांतीची सुट्टी पाचऐवजी सहा तासांनंतर, आणि तिमाहीचा ओव्हरटाइम ११५ ऐवजी १४४ तासांपर्यंत, कामगाराच्या लेखी संमतीने. कामगार संघटनांनी याला पिळवणूक म्हटलं. उद्योगांची बाजू घेणाऱ्यांनी नेहमीचं उत्तर दिलं, परदेशात जाऊन बघा, तिकडे लोक बारा-बारा तास उभे असतात.

उभे असतात, खरं आहे. कॅनडाच्या नुनावुत प्रदेशात, बॅफिन बेटावर ७१ अंश उत्तरेला मेरी रिव्हरची लोहखनिजाची खाण आहे. तिथून मिल्न इनलेटच्या धक्क्यापर्यंत सुमारे १०० किलोमीटरचा कच्चा रस्ता. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत सूर्य उगवतच नाही. समुद्र साधारण जुलैअखेर ते ऑक्टोबर एवढाच मोकळा, म्हणून गर्डर, पाइल, गॅसचे सिलिंडर, वेल्डिंगच्या रॉडचे डबे सगळं त्या काळात बोटीने येऊन पडतं. विसरलेला बोल्ट विमानाने मागवता येतो, विसरलेला गर्डर पुढच्या वर्षी. अशा साइटवर स्ट्रक्चरल वेल्डर आणि फिटरची पाळी बाराच तासांची असते, मध्ये रविवार नाही. १४ दिवस सलग काम आणि १४ दिवस घरी, किंवा २१ आणि २१.

आता हिशेब करू. १४ दिवसांचे १६८ तास, ते पसरले २८ दिवसांवर. आठवड्याला सरासरी ४२. आपल्याकडचा ४८ तासांचा आठवडा तेवढ्याच काळात १९२ तासांवर जातो, ओव्हरटाइम वेगळा. शिवाय इथे, म्हणजे या उत्तरेकडच्या साइटवर, राहायची खोली कामापासून बसने काही मिनिटांवर, जेवण मेसमध्ये, विमानाचं भाडं कंपनीचं. चाकण-तळेगाव रस्त्यावरचा ट्रॅफिक ज्याने भोगलाय त्याला विचारा, बारा तासांच्या पाळीचे घरापासून घरापर्यंत किती होतात. ‘तिकडे बारा तास’ म्हणणारे पुढचे १४ दिवस सोयीने गाळतात.

पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. त्या बारा तासांत प्रत्यक्ष आर्क, म्हणजे वेल्डिंगचा विजेचा जाळ, किती वेळ पेटतो?

उणे ३५ अंशांत एका खांबाला ४० मिमी जाडीची बेसप्लेट जोडायची आहे असं धरू. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीची डी १.१ ही संहिता सांगते की सांध्याभोवतीची हवा उणे २० च्या खाली असेल तर वेल्डिंग करायचंच नाही. म्हणजे आधी पाइपांच्या सांगाड्यावर न पेटणारी ताडपत्री लावून खोली उभी करायची आणि तिच्यात गरम हवा सोडायची. हीटरचा जाळ खोलीबाहेर ठेवायचा, आत फक्त हवा. आत जळणारा हीटर ठेवला तर कार्बन मोनॉक्साइड साठतो, म्हणून आत त्याचा मीटर लागतो. मग प्लेट तापवणं. चांगल्या ताकदीच्या नेहमीच्या स्ट्रक्चरल पोलादासाठी, लो हायड्रोजन रॉड वापरत असाल तर, ३८ ते ६५ मिमी जाडीला किमान प्रीहीट (वेल्डिंगआधी प्लेट तापवायचं तापमान) ६५ अंश. म्हणजे शंभर अंश चढवायचे. आणि ते फक्त सांध्याच्या रेषेवर नाही, तर दोन्ही बाजूंना किमान ७५ मिमी.

बर्नर लावला की प्लेटवर पाण्याचे थेंब दिसतात. नवशिक्याला वाटतं लोखंडातला ओलावा बाहेर पडतोय. लोखंडात पाणी नसतं. गॅस जळून जी वाफ होते ती थंड प्लेटवर जमते, आणि सोबत कपारीतला बर्फ वितळत असतो. थेंब दिसतायत तोवर प्लेट तापलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. थर्मल चॉक (ठरावीक तापमानाला वितळणारा खडू) जाळाच्या बाजूला नाही, उलट बाजूला लावायचा. ते जमत नसेल तर बर्नर बाजूला करून जाडीच्या दर २५ मिमीला दोन मिनिटं थांबायचं आणि मग मोजायचं. नाहीतर कातडी गरम आणि पोट गार अशी प्लेट हाती येते.

बर्नरचीही कथा आहे. प्रोपेन उणे ४२ ला उकळतो, त्याच्या जवळ पोचलं की सिलिंडरमध्ये दाबच उरत नाही. जाळ फुरफुरतो आणि विझतो. म्हणून सिलिंडर गरम जागेत ठेवायचे किंवा व्हेपोरायझर (द्रव गॅसची वाफ करणारं यंत्र) लावायचा. आपल्या घरगुती गॅसमधला ब्यूटेन तर शून्यालाच बसकण मारतो.

एवढा खटाटोप कशाला? थंड जाड प्लेट सांध्यातली उष्णता झपकन ओढून घेते. बीडच्या, म्हणजे रॉड वितळून बनलेल्या वेल्डच्या पट्टीच्या, कडेचं पोलाद कडक होतं, रॉडच्या आवरणातल्या ओलाव्यातून आलेला हायड्रोजन आत अडकतो, आणि सांधा आखडताना ताण येतो. हे तिन्ही जमले की बीडखाली भेग पडते, आणि तीही लगेच नाही. काही तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनी. म्हणून जाड सांध्यांची अल्ट्रासॉनिक तपासणी ४८ तास थांबून करायची अशी अट बहुतेक ठिकाणी घालतात. टॅकला, म्हणजे तुकडे जागी धरण्यासाठी आधी मारलेल्या छोट्या टाक्याला, अशा भेगा सहज पडतात. ‘नुसता टॅक तर मारायचाय’ म्हणून गार प्लेटवर बोटभर टॅक मारला जातो, तो सर्वांत वेगाने गार होतो, आणि रूट (सांध्याचा तळाचा पहिला थर) त्याच्यावरूनच जाते. टॅकलाही पूर्ण प्रीहीट, आणि लांबी किमान ५० मिमी. रॉड धरायचा होल्डर चुकून प्लेटला टेकून ठिणगी पडली तरी तो ठिपका घासून काढायचा, कारण तिथेही तसाच कडक डाग तयार होतो.

रॉड ७०१८-१ जातीचा, उणे ४५ पर्यंत चिवट राहणारा. साध्या ७०१८ ची हमी उणे २९ पर्यंतच. डबा फोडला की १२० अंशांच्या वर तापलेल्या ओव्हनमध्ये, आणि बाहेर काढल्यावर चार तासांत वापरायचा. ओलावा न धरणाऱ्या खास आवरणाचा असेल तर नऊ. पोलादाचंही तसंच. आपल्या आयएस २०६२ या पोलादाच्या मानकात ए दर्जाला आघात चाचणीच नाही, बी० ला ती शून्य अंशाला, सी ला उणे २० ला. तळोज्याच्या शेडला ए पुरतो आणि तो काही वाईट नाही. इथे मात्र ३५०डब्ल्यूटी, कॅटेगरी ४ हे कॅनडाच्या मानकातलं पोलाद मागतात, म्हणजे उणे ४५ ला आघात चाचणीत किमान २७ ज्यूल झेलणारं.

हे सगळं भारतातल्या चांगल्या वेल्डरला माहीत असतं. प्रेशर व्हेसल बनवणाऱ्या कंपन्यांत तर तो ते रोज करतो. पण बाहेरच्या गाळ्यात, ठेकेदाराकडे, स्ट्रक्चरचं काम किलोवर चालतं. टनामागे ठरलेला भाव. प्लेट तापवायला गेलेला पाऊण तास, ओव्हन गरम होण्याची वाट, ४८ तासांची थांबणी, यातल्या कशाचंच वजन काट्यावर येत नाही. मग रॉड जॉबला चिकटवून लालसर करून ‘सुकवला’ जातो आणि प्रीहीटच्या कागदावर संध्याकाळी एकदम सह्या होतात. यात वेल्डरचा आळस शोधणाऱ्यांनी त्याला पैसे कशाचे मिळतात ते आधी बघावं. इथे कॅनडात तासाचा पगार आहे. बर्नर धरून उभं राहणं कामच, सुट्टीत हात शेकणंही कामच. बारा तासांतले प्रत्यक्ष आर्कचे तीनसुद्धा भरत नाहीत असे दिवस हिवाळ्यात सर्रास असतात आणि त्यावर कुणी डोळे वटारत नाही. बारा तासांची पाळी इथे ठेवली आहे तीच मुळी यासाठी. खोली गरम करणं, यंत्रं चालू करणं, परवाने, यांत रोज इतका वेळ जातो की आठ तासांत हाती काही लागणार नाही, आणि तापवलेला सांधा अर्धवट सोडला तर पुन्हा पहिल्यापासून. बुटीबोरीच्या शेडमध्ये बटण दाबलं की मशीन सुरू होतं. तिथे बाराचं हे कारण लागू होत नाही. दुसरं काही असेल तर ते मालकांनी सांगावं.

फिटरच्या कामात थंडी वेगळ्या जागी चावते. १२ मीटरचा बीम अधिक २० वरून उणे ३५ ला आला की सुमारे ८ मिमी आखडतो. पोलादी टेपने मोजलंत तर काही कळणार नाही, कारण टेपही तेवढीच आखडलेली असते. टोटल स्टेशन (प्रकाशकिरणाने अंतर मोजणारं यंत्र) मात्र खरं अंतर दाखवतं, आणि तापमानाची दुरुस्ती न करता दोन्ही मापं एकत्र वापरली की भोकं जुळत नाहीत. मग कुणीतरी गॅसकटरने भोक मोठं करतो. तापवलेल्या खोलीतला बीम आणि बाहेरचा बीम यांची गाठ पडते तिथे हा घोळ हमखास होतो. बोल्टचं तर विचारू नका. दोन प्लेटांमध्ये बर्फाचा पापुद्रा राहिला तर बोल्ट मस्त आवळला जातो, आणि खोली गरम झाल्यावर सैल. वंगण घट्ट झाल्याने टॉर्कचा, म्हणजे आवळण्याच्या जोराचा, आकडा फसवतो, म्हणून नट किती वळवला ते मोजण्याची पद्धत बरी, आणि त्याआधी बोल्टची तीच खेप तिथल्याच थंडीत तपासून घ्यायची.

शरीरासाठी वेगळं कोष्टक आहे. ते मूळ कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांताच्या कामगार खात्याचं. वारा नसताना उणे ३२ ते ३४ मध्ये सलग जास्तीत जास्त ७५ मिनिटं काम, उणे ३५ ते ३७ मध्ये ५५, उणे ४० ते ४२ मध्ये ३०. मग गरम खोलीत दहा मिनिटं. उणे ४३ च्या खाली निकडीचं नसलेलं काम बंद. वारा वाढला की मिनिटं घटतात. ताशी ३० किलोमीटरच्या आसपास वारा असेल तर उणे ३२ लाच थांबायचं. क्रेनचंही असंच, अनेक क्रेनची क्षमता उणे ३० च्या आसपास कमी धरतात आणि उणे ४० ला उचलणं बंद. आपोआप काळी होणारी वेल्डिंग हेल्मेटची काचही उणे पाचच्या खाली सुस्तावते आणि डोळ्यांवर पहिली चमक येऊ देते. तिला सुट्टीत माणसासोबत आत न्यायची, नाहीतर साधी काळी काच वापरायची.

म्हणून इथे सगळं गोड आहे असं नाही. ढाचा उभा राहिला की काम संपतं. खनिजाचा भाव पडला की पुढचं स्ट्रक्चर कागदावरच राहतं. घरच्या मयतीला पोचायचं तर आधी वादळ थांबावं लागतं, मग विमान. आयटीआयचं एक वर्षाचं वेल्डरचं प्रमाणपत्र दाखवून इथे कुणी होल्डर हातात देत नाही. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात वेल्डरची उमेदवारी तीन वर्षांची असते, आणि अनुभवी माणसालाही कामाचे तास सिद्ध करून परीक्षेला बसावं लागतं. त्यावर कॅनेडियन वेल्डिंग ब्यूरोची चाचणी, वेल्डिंगची पद्धत आणि पोझिशन (सांधा आडवा, उभा की डोक्यावर) यांनुसार वेगळी, दर दोन वर्षांनी पुन्हा. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हा चर्चा भाषेच्या वर्गांची झाली. वर्ग हवेतच. पण भाषा आली तरी प्लेट तापवून, टॅक मारून, बीड कापून-वाकवून दाखवायचा असतो, आणि त्याचा सराव किलोवर चालणाऱ्या गाळ्यात होत नाही.

आता पुन्हा आपल्या निर्णयाकडे. त्यातल्या बाराच्या आकड्यावर सगळे तुटून पडले. सुट्टी पाच तासांवरून सहावर गेली त्याबद्दल फार कमी बोललं गेलं. मला तेच जास्त खटकतं. मे महिन्यात विदर्भातल्या पत्र्याच्या शेडखाली, अंगात चामड्याचं जॅकेट, समोर तापवलेला जॉब, आणि सुट्टी सहा तासांनंतर. थंडीला मिनिटांचं कोष्टक करता येतं तसं उष्णतेलाही करता येतं. किती तापमानाला किती मिनिटांनी सावली आणि पाणी, आणि कुठल्या आकड्याला काम बंद. असं कोष्टक शेडच्या दारावर चिकटवलेलं असेल तर बारा तासांवर बोलणी होऊ शकतात, असं माझं मत आहे.

राहिली लेखी संमती. इथे कॅनडात कामगाराला धोकादायक काम नाकारण्याचा हक्क कायद्याने आहे, आणि किती दिवस काम व किती दिवस घरी हे विमानात बसण्याआधी करारात लिहिलेलं असतं. चाकणच्या ठेक्यावरच्या वेल्डरचा गेटपास ठेकेदार नव्याने काढून देतो. पास संपायच्या आठवड्यात ओव्हरटाइमचा फॉर्म समोर आला तर तो सही कशी नाकारणार, हे नियमावली लिहिणाऱ्यांनी स्पष्ट करावं.