‘नुसतं पॉलिश करायला नकार दिला’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की गाडीचे दोन्ही हेडलाइट पिवळे पडले होते, ‘फक्त पॉलिश मारून द्या’ म्हणालात तर आम्ही नाही म्हणालो, लॅकरसकट (लॅकर म्हणजे घासल्यावर काचेवर मारायचा संरक्षक थर) १,२०० रुपये सांगितले आणि डाव्या लाइटला तर हातच लावत नाही म्हणालो. मग घरी जाऊन टूथपेस्टने घासलंत, दहा मिनिटांत काच चकाचक झाली, आणि ‘हे लोक लुटायलाच बसलेत’ असं शेवटी लिहिलंत.

मी नाही म्हणालो हे खरं आहे आणि उद्या दुसरं कोणी आलं तरी नाहीच म्हणेन. लुटण्याचा आरोप मात्र मला लागला. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या आमच्या दुकानात दुपारच्या गर्दीत नीट बोलणं झालं नाही, म्हणून इथं सविस्तर लिहितो. तुमच्याशिवाय इतरांच्याही उपयोगी पडेल.

हेडलाइटची काच आपण म्हणतो, पण तुमच्या गाडीला पुढं आहे ते पॉलिकार्बोनेट, म्हणजे प्लास्टिक. खडा उडून लागला तरी सहसा फुटत नाही, म्हणून कंपन्या ते वापरतात. पण उन्हाचं त्याला वावडं आहे. म्हणून कारखान्यातच त्यावर एक कडक पारदर्शक थर चढवलेला असतो. वर्षानुवर्षं ऊन खाऊन हा थर आधी विटतो, मग जागोजागी सुटतो, आणि खालचं प्लास्टिक उघडं पडून पिवळं होतं. गाडी रोज एकाच बाजूला तोंड करून उभी राहत असेल, तर ज्या लाइटवर ऊन जास्त तो आधी जातो.

टूथपेस्टमध्ये दात घासायला बारीक भुकटी असते. तीच काचेवरचा मळकट पापुद्रा थोडा खरवडून काढते. त्यामुळे तुम्हाला फरक दिसला, आणि तो खराच दिसला. पण त्यासोबत उरलासुरला थरही जातो आणि प्लास्टिक उन्हाला पूर्ण उघडं होतं. आम्ही मशीन मारून नुसतं पॉलिश केलं असतं तरी हेच झालं असतं, फक्त जास्त सफाईनं. कोल्हापूरचा एप्रिल-मे अशा उघड्या काचेवरून गेला की काही महिन्यांत ती पुन्हा धुरकट होते. मग परत घासा, परत थोडं प्लास्टिक कमी करा. तुमच्याकडून पैसे घेऊन असं काम हातावर ठेवणं मला पटत नाही. १,२०० मधला मोठा हिस्सा त्या वरच्या लॅकरचा आणि तो मारायच्या कष्टाचा आहे.

आता डाव्या लाइटचं. तुम्ही उभे होता तेव्हा मी पाण्याचा पाइप दोन्ही काचांवर धरला होता, आठवत असेल. उजवी काच भिजल्याबरोबर नितळ दिसली, आतला बल्ब स्वच्छ दिसायला लागला. म्हणजे खराबी वरच्या वर आहे. पाणी ओरखड्यांत भरतं तेव्हा ते दिसेनासे होतात, आणि घासल्यावर काच साधारण तेवढीच साफ होते. डावी भिजूनही तशीच धुरकट राहिली. जवळून बघितलं तर प्लास्टिकच्या पोटात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा होत्या. खालच्या कोपऱ्यात आतून पाण्याचे थेंब होते आणि मागचं रबराचं टोपण जागेवर नव्हतं. बल्बही १००/९० वॅटचा बसवलेला. कंपनी ६०/५५ चा देते. जास्तीच्या उष्णतेनं आतल्या रिफ्लेक्टरची चकाकी उडाली आहे. हे बाहेरून कितीही घासलं तरी सुधारणार नाही. दोन्ही लाइटचे पैसे घेऊन डावी वरवर चमकवून देणं मला सहज जमलं असतं. ते केलं नाही, म्हणून तर हा रिव्ह्यू आला.

एवढ्यासाठी का अडून बसलो, तेही सांगतो. बोलता बोलता तुम्हीच म्हणाला होता की रात्रीचं आंबा घाटातून रत्नागिरीला जाणं-येणं असतं. काच धुरकट असली की उजेड लांब जातच नाही, आजूबाजूला पसरतो. आपल्याला रस्ता दिसत नाही आणि समोरच्याच्या डोळ्यांवर मात्र तिरीप जाते. त्यात घाटात धुकं. घाट संपून कोल्हापूरच्या बाजूला आलं की गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या, पुष्कळांना मागं लाल रिफ्लेक्टरसुद्धा नाही, आणि ऊस ट्रॉलीच्या बाहेर आलेला. अशी ट्रॉली डिप्परवर, म्हणजे खाली झुकवलेल्या उजेडातही, वेळेत दिसली पाहिजे. आमच्याकडे ठोकलेल्या गाड्या येतात, त्या बघून माझं हे मत झालंय.

घरी करायचंच असेल तर जरूर करा, पण नीट करा. त्यात लपवण्यासारखं काही नाही. सकाळच्या सावलीत, कोरड्या दिवशी गाडी लावा. काच शाम्पूनं धुवा आणि भोवतीच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन थर लावा, नाहीतर बॉनेटची कड खरडते. ८०० नंबरचा पॉलिश पेपर साबणाच्या पाण्यात थोडा वेळ भिजवून आडवा घासा. सुरुवातीला पिवळट दुधासारखं पाणी निघेल. ते पांढरं होईपर्यंत आणि सगळी काच एकसारखी मंद दिसेपर्यंत थांबू नका. इथंच लोक घाबरतात, कारण काच आधीपेक्षा वाईट दिसते. मग १००० उभा, १५०० आडवा, २००० परत उभा. दिशा बदलली की आधीच्या पेपरचे ओरखडे राहिलेत का ते दिसतं. राहिले असतील तर पुढं जायचं नाही. हात सतत ओला. त्यानंतर रबिंग कंपाउंड (चकाकी आणायची पेस्ट) मऊ कापडावर घेऊन हातानंच मारा.

मग सगळ्यात महत्त्वाचं काम. काच आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसून घ्या आणि हेडलाइटसाठीचं यूव्ही कोटिंग, म्हणजे उन्हापासून वाचवणारा थर, लावा. ॲक्सेसरीजच्या दुकानात बाटली आणि कापड असा सेट मिळतो. डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ पाणी लागू देऊ नका. कोटिंग नाहीच मिळालं तर गाडीचं मेण तरी लावा आणि ते दर काही आठवड्यांनी परत लावत राहा. मेण फार टिकत नाही.

लॅकरच्या कामात आम्ही दुकानात कंपाउंड मारतच नाही. १५०० च्या खरखरीवरच हार्डनर घातलेला लॅकर मारतो, कारण गुळगुळीत काचेवर तो नीट धरत नाही. मारल्यावर ती खरखर आपोआप भरून निघते. हा लॅकर मात्र घरी मारायच्या भानगडीत पडू नका, त्याची वाफ छातीला वाईट असते. आमची मुलं मास्क लावल्याशिवाय स्प्रेगन हातात घेत नाहीत. पावसाळ्यात दमट हवेत मारला तर पांढरट पडतो, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही बऱ्याच गाड्या उघडीप मिळेपर्यंत थांबवतो.

पेट्रोल, थिनर किंवा डास पळवायचा स्प्रे काचेवर अजिबात मारू नका. मोबाइलवर असले व्हिडिओ फार फिरतात. क्षणभर चमक येते, पण हे पदार्थ प्लास्टिकला खातात आणि पुढं तडे जातात.

तुम्ही टूथपेस्टनं घासलेली उजवी काच अजून वाचवता येईल. आता तिच्यावर थर राहिलेला नाही, म्हणून उन्हाळ्याआधी काहीतरी लावून घ्या, आमच्याकडे किंवा कुठंही. आमच्याकडे आलात तर एकाच बाजूचे, म्हणजे निम्मेच पैसे होतील, कारण डावीला घासणं नाहीच.

डावी असेंब्ली, म्हणजे अख्खा लाइट, बदलावीच लागेल. कंपनीची महाग वाटली तर चांगल्या स्थितीतली जुनी शोधा. घेताना तीवर पाणी मारून बघा आणि मागची टोपणं आहेत का ते तपासा. बल्ब दोन्हीकडे ६०/५५ चेच बसवा. नवी असेंब्ली बसवल्यावर फोकस, म्हणजे उजेडाची दिशा, सेट केल्याशिवाय रात्री घाटात जाऊ नका. त्यासाठी गाडी घेऊन या, फोकस सेटिंगचे आम्ही पैसे घेत नाही. अंधार पडल्यावर या, म्हणजे समोरच्या भिंतीवर डिप्परची रेषा तुम्हालाही बघता येईल.