चौदाचे नऊ

मंगळवारी मी आयुष्यात पहिल्यांदा मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो आणि तिथे एका अनोळखी काकांनी घासाघीस करून माझी चिंता ५ गुणांनी उतरवली.

मान धरते म्हणून तीन उश्या बदलून झाल्या होत्या. हाडांचे डॉक्टर म्हणाले, ‘हाडं ठणठणीत आहेत, झोप लागते का?’ कुठली लागतेय. बायकोने फोन उचलला नाही की तिसऱ्या रिंगला मला अपघात दिसतो, पाचव्या रिंगला आयसीयू. ती मिक्सरवर चटणी वाटत असते.

तर दवाखान्यात हातात कागद आला. सात प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला? अजिबात नाही म्हणजे ०, जवळजवळ रोज म्हणजे ३. इमानदारीत खुणा केल्या. बेरीज १४.

“चौदा?” शेजारून आवाज. मांडीवर पिशवी, पिशवीतून डोकावणारा दुधी. “जरा जास्तच होतंय.”

मी कागद छातीशी धरला. काकांनी चष्मा लावला.

“चिंता थांबवता येत नाही, जवळजवळ रोज? रविवारीसुद्धा?”

“रविवारी जरा कमी.”

“मग दोन करा. एका जागी बसवत नाही? अहो, अर्धा तास बसलाच आहात की! शून्य. चिडचिड, दोन? आत्ता चिडलात का माझ्यावर?”

चिडलो होतो. पण तोंडावर कसं सांगणार? “छे छे,” म्हणत एक केला.

“काहीतरी भयंकर घडेल अशी भीती. घडलं का?”

“नाही.”

“मग शून्य!” त्यांनी दुधी थोपटला. “टेन्शन घ्यायचंच नाही.”

जसं काही मी ते रांग लावून घेतो! हातात शुगरचा रिपोर्ट असता तर ‘दोनशे चाळीस जरा कमी करा’ म्हणाले असते का? चिंतेचा भाव मात्र कुणीही येऊन पाडावा.

डॉक्टरबाईंनी कागद पाहिला. “दहा किंवा जास्त आले की आम्ही जास्त खोलात जातो. तुमचे नऊ. पण ही खाडाखोड कसली?”

सांगितलं. त्या हसल्या नाहीत. नवा कोरा कागद पुढे केला.

आता रोज साडेसहा ते सात चिंतेची वेळ. वहीत लिहायचं, मधेच आली तर ‘साडेसहाला ये’ म्हणून परत पाठवायचं. काल वही उघडली. चिंता एकही नाही, काकांना काय ऐकवायला हवं होतं त्याचीच दोन पानं भरली. सात वाजून गेले तरी एक गोष्ट सुटेना: तिथे माणूस दुधी घेऊन येतोच कशाला?